मी बनवलेला मोतद्दार आता खरा झालाय. काय करू?

खाडीकाठची | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. (मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर.)

गेल्या रविवारी शेजारच्या मुलीनं ओढून नेलं म्हणून जुन्या ठाण्याच्या पायी फेरीला गेले. तलावपाळीला जमलो, कौपिनेश्वर झालं, गल्ल्या झाल्या आणि शेवटी मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीबाहेर येऊन थांबलो. फेरी घडवणारा मुलगा असेल पंचविशीचा. गोड बोलणारा, वाचलेला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी, पुढे त्याचाच तुरुंग झाला, हे त्यानं नीट सांगितलं. मग गाडी त्रिंबकजी डेंगळ्यांवर आली. म्हणाला, "त्यांना निरोप पोचवणाऱ्या मोतद्दाराचं नाव होतं अमुक अमुक. त्या रात्री त्याची बायको कळव्याच्या काठावर कंदील घेऊन उभी होती."

मी गार. ते नाव मी ठेवलंय हो! बायको माझी, कंदीलही माझाच. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत चाळीस मिनिटांची एकांकिका बसवली होती, त्यातलं हे सगळं. नाव आजोळच्या गड्याचं उचललेलं. (ते इथे मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणी शोधलं तर हाच धागा पुरावा म्हणून निघायचा.)

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: त्रिंबकजी हा दुसऱ्या बाजीरावाचा अगदी उजवा हात. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं त्रिंबकजीला जबाबदार धरलं आणि पेशव्याकडून ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा, म्हणजे फितुरीला वाव नको. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तरीही निसटला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज ग्रँट डफ लिहितो की एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोडा फिरवायला म्हणून खिडकीखालून जाई आणि निरोप गाण्यात घालून गुणगुणे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. बस, एवढंच. मोतद्दाराला ना नाव, ना गाव.

आता त्याच एकांकिकेचा दीर्घांक करतेय. त्या मुलाला मी तिथे काही बोलले नाही, सगळे माना डोलावत होते, एक बाई तर डोळे पुसत होत्या. पण तेव्हापासून अस्वस्थ आहे. खऱ्या घटनेत आपण किती मिसळायचं? आणि मिसळलेलं असं बाहेर पडून फिरायला लागलं तर ते निस्तरायचं कुणी?

---

सुपारीफोड | रात्री १०:५२

अभिनंदन ताई, तुम्ही बखरकार झालात.

---

पाचवा_अंक | रात्री ११:०५

यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तीस वर्षं हौशी रंगभूमीवर घासतोय, एक सांगतो. 'मोतद्दार' नावाचं पात्र रंगमंचावर उभं राहत नाही. नटाला नाव लागतं, घर लागतं, कुणीतरी वाट बघणारं लागतं. इतिहासानं त्या माणसाला एक ओळ दिली, तुम्ही चाळीस मिनिटं दिलीत. उपकारच केलेत त्याच्यावर.

आणि आपल्याकडे ही उसनवारी दोन्ही बाजूंनी चालत आलीय. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. गोष्ट महाभारतातली, पण कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. सरकारलाही कळलं, १९१० मध्ये बंदी आली. म्हणजे नाव खोटं आणि माणूस खरा. तुमच्याकडे घटना खरी आणि नाव खोटं. नाटकवाल्याचा धंदाच हा.

---

मोडीवाचक | रात्री ११:३१

पाचवा अंक, 'उपकार' शब्दावर माझी हरकत नोंदवून ठेवतो. पुढे येईन.

आधी धागाकर्तीसाठी. तुम्ही ग्रँट डफवर थांबलात. गाण्याचे शब्द डफकडे नाहीत, ते बिशप हेबरच्या प्रवासवर्णनात आहेत. हा हेबर कलकत्त्याचा बिशप. १८२४ मध्ये गंगेवरून वर जाताना चुनारच्या किल्ल्यात त्यानं कैदेतल्या त्रिंबकजीला पाहिलं (१८१८ मध्ये तो पुन्हा सापडला होता). हेबर पुढे मुंबई इलाख्यातही आला. त्यानं गाणं दिलंय ते इंग्रजी पद्यात, यमकबिमक जुळवून. झुडपाआड तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, घोडे पंचावन्न आणि माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा बहरेल, असा आशय. मूळ मराठी ओळी माझ्या पाहण्यात कुठेच नाहीत.

आता बघा गंमत. इंग्रजांना कळू नये म्हणून मराठीत गायलेलं गाणं आज फक्त इंग्रजीत शिल्लक आहे. आणि ज्याने ते लिहून ठेवलं तो स्वतः कवी, चर्चमध्ये गायची पदं रचणारा. म्हणजे तुमच्या आधी दोनशे वर्षं एकानं मिसळण करून ठेवलेलीच आहे.

दुसरं. ही गोष्ट सोयीची कुणाला आहे ते बघा. मोठा राजकैदी हातचा गेला. पहारेकरी झोपले, प्याले, की त्यांनी पैसे खाल्ले? नाही नाही. त्यांना फक्त मराठी येत नव्हतं. छावणीची अब्रू राहते. मोतद्दार नव्हताच असं मी म्हणत नाही. पण गोष्ट इतकी गोल असली की मी तिला उलटी करून बघतो.

---

खाडीकाठची | रात्री ११:४८

मोडीवाचक, हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. माझ्या एकांकिकेत तर पहारेकरी म्हणजे निव्वळ बावळट विनोदी पात्रं. म्हणजे छावणीनं रचलेली सबबच मी नाचवत होते की काय?

---

सागरगोटी | रविवार, सकाळी ७:२०

तिरंदाज वाचून हसू आलं. १८१६ मध्ये धनुष्यबाण? बिशपसाहेबांनी लहानपणी ऐकलेला जंगलातला दरोडेखोर ठाण्याच्या खाडीत आणून सोडला दिसतोय. मराठी गाण्यात बंदूक असती, बरची असती. ताई, तिरंदाज उडवा.

---

मोडीवाचक | सकाळी ८:१५

उडवू नका! सुटल्यावर त्रिंबकजीनं माणसं कुठली जमवली? खानदेशातले भिल्ल, शंभुमहादेवाच्या डोंगरातले रामोशी आणि मांग. भिल्लाच्या हातात त्या काळी धनुष्य असणं यात अजिबात नवल नाही. तेव्हा तिरंदाज ही हेबरची भर असेल किंवा संबंध गाण्यातली तीच एक खरी खूण असेल. कागदावरून ठरवता येत नाही.

---

सागरगोटी | सकाळी ८:२२

बरं बाबा. तिरंदाज राहू देत. सकाळी सकाळी चहाआधी हरले.

---

चेंदणीचे_काका | सकाळी ९:४०

त्याच तुरुंगाच्या भिंतीला लागून बालपण गेलं म्हणून लिहितो. १९ एप्रिल १९१० रोजी इथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला कान्हेऱ्यांनी मारलं ते २१ डिसेंबर १९०९ ला, विजयानंद नाट्यगृहात, नाटकाला आला असताना. कान्हेरे अठरा वर्षांचे होते हो. अठरा.

दरवर्षी एप्रिलात मोबाईलवर एक चित्रफीत फिरते. फासाखाली उभे राहून कान्हेरे चांगलं पाच मिनिटं भाषण करतात. मागे तुतारी. कोण होतं तिथे लिहून घ्यायला? माझे वडील म्हणायचे, अठरा वर्षांचं पोर गप्प उभं राहिलं असेल तर ते काय कमी आहे? मला ते भाषण सहन होत नाही. आपल्याला शांतता बघवत नाही म्हणून आपण त्याच्या तोंडात आपली वाक्यं कोंबतो.

खाडीकाठची बाई, तुमचा मोतद्दार निदान अनामिक आहे. ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडी काय घालता ते जास्त जपा.

---

पाचवा_अंक | सकाळी १०:१०

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं पोचलं. पण मग इतिहासावरचं कुठलंच नाटक उभं राहणार नाही, कारण संवाद कुणीच टिपून ठेवलेले नसतात.

---

चेंदणीचे_काका | सकाळी १०:३२

संवाद लिहा. भाषण लिहू नका.

---

गडकोटवेडा | सकाळी ११:१८

सिंहगडाचं उदाहरण कुणीच कसं दिलं नाही? तानाजी पडले १६७० मध्ये आणि त्यावरून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं असं शाळेत सगळेच शिकलो. पण महाराजांच्या १६६३ च्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आहे. सात वर्षं आधी! घोरपडीची गोष्ट पोवाड्यातली. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस राग आला होता, कुणावर ते माहीत नाही. आता गडावर गेलो की मुलांना दोन्ही सांगतो, पत्रही आणि पोवाडाही. मुलांना पोवाडाच आवडतो, तो भाग वेगळा.

---

राऊतवाडी | सकाळी ११:४०

मग कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचाही प्रसंग खोटा म्हणा एकदाचा! अशा धाग्यांचा हेतू शेवटी हाच असतो.

---

मोडीवाचक | दुपारी १२:०५

हेतूबद्दल बोलणार नाही, कागदाबद्दल बोलतो. तो प्रसंग समकालीन साधनांत मिळत नाही. पण मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान, जो महाराजांना शिव्या घातल्याशिवाय पान उलटत नाही, तोच लिहितो की लुटीत स्त्रियांना हात लावायचा नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. शत्रूची साक्ष आहे ही. सुनेची गोष्ट त्या ताकिदीला चेहरा देते. उद्या कुणी ती गोष्ट खोडली तरी ताकीद जागची हलत नाही. मी तर म्हणतो आधी खाफीखान सांगा आणि मग गोष्ट सांगा.

---

राऊतवाडी | दुपारी १२:३०

असं सांगितलं तर ठीक आहे. खाफीखानाचं ठाऊक नव्हतं.

---

सुपारीफोड | दुपारी १२:३१

धाग्याचं काश्मीर होता होता राहिलं. मी लाह्या भाजून घेतल्या होत्या, त्या आता चिवड्यात घालतो.

---

उलवेकर | दुपारी ३:५०

मी इथे फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. आमचं गाव उरणकडचं, आता राहायला उलव्यात.

तुमचं दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, आमचं १९८४ चं. १६ आणि १७ जानेवारीचं आंदोलन, दि. बा. पाटील साहेबांचं. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला. गोळीबारात पाच माणसं गेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं ते त्यातून, हे इकडे लहान पोरालाही माहीत आहे.

काही वर्षांमागे दोघं-तिघं लघुपट करायचाय म्हणून घरी आले. चांगली पोरं होती, आईशी दोन-दोन तास बोलली, जेवली. मग झालेला लघुपट दाखवायला घेऊन आली. त्यात दोन दिवसांचा एकच दिवस केलेला. सकाळी मोर्चा, दुपारी गोळीबार, संध्याकाळी चिता. आणि चार-पाच बायकांनी सांगितलेलं एकाच बाईच्या अंगावर घातलेलं. म्हणाले, वेळ कमी असतो, असं करावंच लागतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोल्याला जासईत गोल्या चालल्या ते आमाला म्हायत होतं. तरी सतराला आमी नवघरला गेलू. ते कुठं हाय यात?"

पोरांकडे उत्तर नव्हतं. बायकांची एक बाई केली त्याचं तिला काही वाटलं नाही, उलट म्हणाली, बरी दिसते पोरगी. पण दोन दिवसांचा एक केला तेव्हा तिचं दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडणंच पुसलं गेलं. जी बाई पहिल्या दिवशी मोर्चाला जाते ती रागानं जाते. दुसऱ्या दिवशी जाते ती जाणूनबुजून जाते.

मला तुमच्यासारखं मांडता येत नाही.

---

पाचवा_अंक | दुपारी ४:०२

उलवेकर, तीस वर्षांत मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. घटना आवळणं हे आमच्याकडे निव्वळ कात्रीचं काम समजतात. आजपासून आधी विचारीन की कापतोय त्यात कुणाचा निर्णय जातोय का.

---

सागरगोटी | दुपारी ४:१५

+१. उलवेकर, लिहीत राहा. आईंना नमस्कार सांगा.

---

काळा_कोट | संध्याकाळी ५:४५

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण रविवार आहे. 'यातील पात्रे काल्पनिक असून...' ही पाटी आपण वाचतही नाही, पण तिला एक मोठा खटला कारणीभूत आहे. रशियाच्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिनच्या खुनावर १९३२ मध्ये हॉलिवूडनं चित्रपट काढला. त्यातली राजकन्या आपल्यावर बेतलेली आहे आणि तिच्याबद्दल नको ते दाखवलंय म्हणून इरिना युसुपोव्ह लंडनच्या कोर्टात गेली. १९३४ मध्ये २५,००० पौंड मिळाले. त्यानंतर ही पाटी सगळीकडे चिकटली. रास्पुतिनला मारणाऱ्यांत तिचा नवराच होता आणि तो हे लपवत नव्हता, म्हणजे खुनाबद्दल तक्रार नाही, बनवलेल्या प्रसंगाबद्दल!

त्रिंबकजी किंवा मोतद्दार यांच्यातर्फे कुणी दावा लावणार नाही, निश्चिंत असा. मात्र व्यावसायिक प्रयोग करणार असाल तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत द्या. लोक शेवटच्या आठवड्यात धावतात.

---

निंबोणी | रात्री ८:३०

मला वेगळंच खटकतंय. सगळे मोतद्दाराच्या नावावर अडलेत. ताई, तुमचं नाटक सुरू कुठे होतं?

---

खाडीकाठची | रात्री ८:४१

किल्ल्यात. रात्र, घोड्यांच्या टापा, खिडकीत त्रिंबकजी. का?

---

निंबोणी | रात्री ९:०४

कारण गंगाधरशास्त्री तुमच्या पहिल्या प्रतिसादात एका वाक्यात मरतात आणि पुन्हा कुणाला आठवत नाहीत. चोवीस तास झाले, इतके प्रतिसाद आले, मोतद्दाराच्या बायकोच्या कंदिलाचीही चर्चा झाली. पण पाहुणा म्हणून आलेला माणूस, आषाढाचे दिवस, पंढरपूर, देवळातून परत निघालेला, रस्त्यात कापला गेला. ज्याच्यावर ठपका आहे तो कैदेतून पळाला की तुमचा प्रेक्षक टाळ्या वाजवणार, कारण पडदा वर गेला तेव्हा तो गजाआड होता आणि बाहेर गोरे होते.

नाव खोटं असेल, कंदील खोटा असेल, ते चालून जाईल. तुम्ही गोष्ट जिथून सुरू केलीत तिथेच सगळ्यात मोठी मिसळण आहे, आणि त्यात खोटं असं एकही वाक्य नाही.

(त्रिंबकजी खलनायकच होता असं म्हणत नाही. बाजीरावाचा हात किती, त्याचा किती, हे वकिली वाद चालूच राहतील. पण शास्त्री मेले हे तर नक्की ना?)

---

मोडीवाचक | रात्री ९:२०

निंबोणी, दंडवत. आणि याच पलायनापासून पुढे किती काय घडलं ते बघा. त्रिंबकजीला परत द्या म्हणून पेशव्यावर दबाव, जून १८१७ चा पुण्याचा तह, नोव्हेंबरात खडकीची लढाई. पेशवाई बुडाली. त्या भिंतीतल्या भोकातून एकटा त्रिंबकजी बाहेर पडला नाही.

मघाशी 'उपकार' शब्दावर हरकत ठेवली होती ती आता लिहितो. अनामिकाला नाव दिलं की त्याचं अनामिक असणं संपतं. कुणी त्याचं नाव विचारायची तसदीच घेतली नाही, ही त्या काळाबद्दलची एकमेव पक्की माहिती आपल्या हातात आहे, आणि आपण तीच बुजवतो.

---

पाचवा_अंक | रात्री ९:३५

मान्य, पण माझ्या नटाचं काय? मधला मार्ग सांगतो. नाव नटाला द्या, प्रेक्षकाला देऊ नका. तालमीत वापरा, त्याच्या संहितेच्या पहिल्या पानावर लिहा, पण प्रयोगात कुणीही त्याला नावानं हाक मारायची नाही. साहेब हाक मारतो तेव्हा घोड्याचं नाव घेतो. बघा, प्रेक्षकांना आपोआप टोचेल.

---

खाडीकाठची | बुधवार, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय, क्षमस्व. बरंच झालं मधल्या दिवसांत.

घोड्याचं नाव, पाचवा अंक, उचललं. विचारतही नाही.

गाण्याचं असं ठरवलंय की हेबरच्या इंग्रजी ओळी रंगमंचावर येणार, बिशप चुनारला बसून यमक जुळवतोय आणि एक शब्द बसेना म्हणून खोडतोय. मोतद्दार फक्त चाल गुणगुणेल. शब्द नाहीत. आमच्या संगीतवाल्या मुलाला हे आवडलं नाही, त्यानं ओवीच्या छंदात छान गाणं बांधून आणलं होतं. ते कापताना मलाही जड गेलं, पण कापलं.

पहारेकरी आता बावळट नाहीत. एक जण थोडं मराठी समजणारा केलाय. त्याला कळलं होतं की नव्हतं, ते मी लिहिलेलं नाही.

निंबोणी, तुमच्यावर दोन दिवस चिडले होते. काल सकाळी पहिला प्रवेश फाडला. आता सुरुवात पंढरपुरात आहे. शास्त्री देवळातून बाहेर येतात, चपला शोधतात, सोबतच्याशी काहीतरी किरकोळ बोलतात. चपला माझ्या आहेत, कागदात नाहीत. काका, भाषण नाही.

आणि फेरीवाल्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. आधी त्याला खरंच वाटेना. म्हणाला, "पण मॅडम, हे नाव मला जुन्या लोकांकडून मिळालंय." कोण जुने लोक, विचारलं, तर आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ निघाले. त्यांनी एकांकिकेत गोऱ्या अधिकाऱ्याचं काम केलं होतं. मुलगा बिचारा खट्टू झाला. "कंदील तरी ठेवू का?" म्हणाला. मी म्हटलं, ठेव, पण माझ्या नावावर ठेव.

---

सुपारीफोड | बुधवार, रात्री १०:२८

प्रयोग गडकरीला की घाणेकरला? तिकिटं काढतो.

---

उलवेकर | बुधवार, रात्री ११:०२

आईला घेऊन येईन.

---

वाघोबा_कळवा | गुरुवार, सकाळी ६:५५

धागा आत्ता पाहिला. ताई, तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण गेल्या महिन्यात मीही त्या फेरीला होतो, तेव्हा नाव ऐकलंय. एक सांगायचं राहून जायला नको म्हणून लिहितो. आमच्या वहिनीच्या माहेरी, खारेगावला, त्याच नावाचे त्यांचे खापरपणजोबा होते आणि ते किल्ल्यात घोड्यांकडे होते असं त्यांच्या घरात आता सांगतात. माझ्याकडे त्यांचा नंबर आहे. विचारू का?